साम्राज्याचे वकीलपत्र आपण का घ्यावे?

‘पोर्तुगीज आले म्हणून आपण ख्रिस्ती झालो’ हे वाक्य दोन अगदी परस्परविरोधी हेतूंनी उच्चारले जाते. ज्यांना आपले अस्तित्वच खुपते, ते हिणवण्यासाठी ते उच्चारतात. परकी सत्ता गेली आणि तिचे उष्टे मागे उरले, असा त्यांचा सूर असतो. आपल्यापैकी काहीजण तेच वाक्य कृतज्ञतेने उच्चारतात. गोऱ्या राज्यकर्त्यांनी लूट केली असेल, परंतु तारणाचा मार्गही त्यांनीच दाखविला, तेव्हा त्यांच्याविषयी फार कठोर बोलू नये, असे त्यांना वाटते. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी भांडतात, पण दोघांचे गृहीतक एकच आहे: श्रद्धा ही साम्राज्याची देणगी. माझा वाद या गृहीतकाशी आहे आणि तो मी काँगोच्या इतिहासाच्या आधारे मांडणार आहे. कारण त्या भूमीत क्रूस आधी आला, साखळदंड मागाहून आले, आणि कोणी काय पेरले व काय उपटले, हे तेथे स्वच्छ दिसते.

आजच्या अंगोलाचा उत्तर भाग आणि दोन्ही काँगोंचा पश्चिम भाग मिळून पंधराव्या शतकात काँगोचे एक सुसंघटित राज्य नांदत होते. १४९१ साली तेथील राजाने बाप्तिस्मा घेतला. त्याला कोणी जिंकले नव्हते, की त्याच्या दारात तोफा उभ्या केल्या नव्हत्या. त्याचा पुत्र अफोन्सो पुढे गादीवर आला. त्याने राजधानीत देवालये बांधली, शाळा काढल्या आणि आपल्या मुलाला, हेन्रिकेला, अध्ययनासाठी पोर्तुगालला धाडले. १५१८ साली हा हेन्रिके बिशप झाला. म्हणजे मार्टिन ल्यूथरचे वादळ युरोपात नुकते उठले होते, तेव्हा मध्य आफ्रिकेला स्वतःचा कृष्णवर्णी बिशप लाभला होता. साम्राज्याविना श्रद्धा रुजत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

मग या उमलत्या ख्रिस्तसभेचे झाले काय? तिला पाखंडाने ग्रासले नाही, तिला व्यापाराने ग्रासले. आणि तो व्यापार माणसांचा होता. १५२६ साली अफोन्सोने पोर्तुगालच्या राजाला लिहिलेली पत्रे आजही उपलब्ध आहेत. तुमचे व्यापारी आमची माणसे रोज पळवून नेत आहेत, सरदारांची मुले आणि आमचे आप्तही त्यांतून सुटत नाहीत, देश ओस पडत चालला आहे, असे तो कळवितो. आम्हांला धर्मगुरू आणि शिक्षक हवेत, आणि पवित्र संस्कारासाठी द्राक्षारस व पीठ हवे; याखेरीज तुमच्याकडून काही नको, असे त्याचे मागणे होते. अफोन्सो निष्कलंक नव्हता. दास ठेवण्याची आणि विकण्याची चाल त्याच्या राज्यातही होती व तिच्यात त्याचाही हात होता. तरीही मिस्साबलिदानासाठी पीठ मागणारा एक ख्रिस्ती राजा आणि त्याची प्रजा जहाजात कोंबणारे ख्रिस्ती व्यापारी, यांपैकी शुभवर्तमानाच्या बाजूला कोण उभे होते, हे ठरविण्यास फार विद्वत्ता लागत नाही. याच राजावर पुढे काही पोर्तुगिजांनी पुनरुत्थानाच्या सणाला, चालू मिस्सेत, गोळ्या झाडल्या. तो वाचला. त्याच्या वंशजांचे राज्य मात्र वाचले नाही. १६६५ साली अम्बुइलाच्या लढाईत पोर्तुगीज सेनेने काँगोचा ख्रिस्ती राजा पहिला अंतोनियो याला ठार मारले आणि त्याचे मस्तक लुआंडात नेऊन पुरले.

येथे आपल्या ख्रिस्तसभेचा दोष झाकून चालणार नाही. १४५२ व १४५५ साली पोप पाचवे निकोलस यांनी काढलेल्या आज्ञापत्रांनी पोर्तुगालच्या राजाला अख्रिस्ती प्रदेश जिंकण्याची आणि तेथील लोकांना कायमचे दास करण्याची मुभा दिली होती. व्यापाऱ्यांच्या हाती हा कागद होता. पुढे १५३७ साली पोप तिसरे पॉल यांनी अमेरिकेच्या मूळ रहिवाशांना आणि पुढे ज्यांचा शोध लागेल त्या सर्वांना दास करण्यास मनाई केली. तरी जहाजे थांबली नाहीत. १६८० च्या दशकात अंगोलाच्या राजकुळातील म्हणून ओळखला जाणारा लोरेन्सो दा सिल्व्हा द मेन्डोन्सा हा कृष्णवर्णी प्रापंचिक रोमला पोहोचला आणि त्याने पोपमहोदयांपुढे दासांची कैफियत मांडली. १६८६ साली रोमच्या धर्मन्यायपीठाने निरपराध माणसांना बळाने वा कपटाने पकडून विकणे निषिद्ध ठरविले. राज्यकर्त्यांनी हा निर्णय गुंडाळून ठेवला. परंतु रोमच्या सदसद्विवेकाला हाक कोणी दिली, हे ध्यानी घ्यावे. ती दिली ज्यांच्यावर अन्याय होत होता त्यांच्यापैकीच एका श्रद्धावंताने. साम्राज्याला झालेला प्रतिकार हा श्रद्धेविरुद्धचा प्रतिकार होता, असे म्हणणाऱ्यांनी मेन्डोन्साला कोणत्या रकान्यात बसवायचे ते सांगावे.

दोनशे वर्षांनंतर तीच भूमी पुन्हा वाटली गेली. १८८४-८५ साली बर्लिन येथे चौदा राष्ट्रे आफ्रिकेचा निवाडा करण्यास बसली. त्या मेजाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता. त्या परिषदेचा करारनामा सर्वशक्तिमान परमेश्वराच्या नावाने सुरू होतो! दहा आज्ञांपैकी दुसरी, देवाचे नाव व्यर्थ न घेण्याची, याहून उघडपणे कोणी मोडली असेल असे मला वाटत नाही. त्यानंतर बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड काँगोचा खासगी मालक झाला. त्याने तेथे कधी पाऊलही ठेवले नाही. रबराचा ठरलेला भरणा न करणाऱ्या गावांतील बायका ओलीस धरल्या जात, गावे जाळली जात, आणि काडतूस वाया गेले नाही याचा पुरावा म्हणून शिपाई माणसांचे तोडलेले हात साहेबापुढे ठेवीत. लक्षावधी माणसे गोळीने, उपासमारीने आणि रोगराईने मेली. या सगळ्या कारभाराला नाव होते सुधारणा.

तेव्हा आपली माणसे काय करीत होती? बहुतेक कॅथॉलिक मिशने गप्प होती. राजा कॅथॉलिक, टीकाकार बहुशः प्रॉटेस्टंट, मग आपल्या राजाची बाजू सोडायची कशी, हा हिशेब होता. १९०६ साली लिओपोल्डच्या राज्याने रोमशी करार करून प्रत्येक मिशनठाण्याला शंभर ते दोनशे हेक्टर जमीन देऊ केली. पण त्याच वर्षी आर्थर फेर्मेर्श या बेल्जियन येशूसंघीय धर्मगुरूने ग्रंथ लिहून या राज्यपद्धतीचा निषेध केला. दोन वर्षांनी, १९०८ साली, काँगो लिओपोल्डच्या हातून काढून घेण्यात आला. एकीकडे जमीन घेणारे, दुसरीकडे सत्य बोलणारा. दोघेही कॅथॉलिक होते. वारसा कोणाचा सांगायचा, हे आपल्या हाती आहे.

मला विचाराल, तर मी इसिदोर बकांजाचा वारसा सांगेन. हा गवंड्याच्या हाताखाली काम करणारा गरीब तरुण. १९०६ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पुढे एका युरोपीय कंपनीच्या मळ्यावर तो नोकरीस लागला. तो गळ्यात कार्मेल मातेचे स्कॅप्युलर घाली, हाती जपमाळ घेई आणि सोबतच्या मजुरांना प्रार्थना शिकवी. मळ्यावरील गोऱ्या मुकादमाला हे सहन होईना. प्रार्थना शिकलेला मजूर आपल्या हुकमात राहणार नाही, हे त्या मुकादमाला नेमके कळले होते. १९०९ साली त्याने इसिदोरच्या गळ्यातील स्कॅप्युलर हिसकावले आणि खिळे ठोकलेल्या चामडी चाबकाने त्याला शंभराहून अधिक फटके मारविले. सडलेल्या जखमांनी सहा महिने तळमळून, मारणाऱ्याला क्षमा करून, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, १५ ऑगस्टला, इसिदोरने प्राण सोडला. १९९४ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्याला धन्य घोषित केले. या हौतात्म्याचा अर्थ नीट वाचावा. स्कॅप्युलर आफ्रिकी माणसाच्या गळ्यात होते, आणि ते तोडणारा हात साम्राज्याचा होता.

कोणी म्हणेल, शाळा व इस्पितळे नाही का काढली? काढली, सिस्टरांनी आणि फादरांनी त्यांसाठी आयुष्ये झिजविली, त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. पण ते श्रेय त्यांचे. गव्हर्नराच्या खाती ते का जमा करावे? ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला, तेव्हा त्या अफाट देशात विद्यापीठाचे पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. पहिले पंतप्रधान पात्रिस लुमुम्बा यांचा सात महिन्यांच्या आत खून झाला आणि त्याबद्दलची नैतिक जबाबदारी बेल्जियमने २००२ साली स्वीकारली. साम्राज्य गेले, पण श्रद्धा गेली नाही. आफ्रिकेतील सर्वाधिक कॅथॉलिक आज त्याच देशात आहेत. त्यांच्या स्वतःच्या उपासनाविधीला १९८८ साली रोमने मान्यता दिली. १६ फेब्रुवारी १९९२ रोजी किन्शासातील श्रद्धावंत लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांनी हुकूमशहाच्या सैनिकांच्या गोळ्या छातीवर झेलल्या.

आणि हा अनुभव केवळ काँगोचा नाही. ज्या आज्ञापत्रांनी काँगोचे दार फोडले, त्यांच्याच बळावर पोर्तुगीज गोव्याला आणि वसईला आले. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली. युरोपीय पाद्री मोठ्या संख्येने निघून गेले आणि धर्मग्रामांचा भार देशी धर्मगुरूंवर आला. किल्ला ओस पडला, जपमाळ चालू राहिली. श्रद्धा जर किल्ल्याची आश्रित असती, तर ती किल्ल्याबरोबर ढासळली असती. गोव्यात १७८७ साली पोर्तुगीज सत्ता उलथण्याचा कट रचणाऱ्यांत देशी धर्मगुरू होते. मुंबईच्या माझगावचे काका बॅप्टिस्टा टिळकांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि १९१६ साली होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. ते आपल्याच देवळांत गुडघे टेकणारे होते.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली गोरे बेटावर गुलामांच्या व्यापाराबद्दल क्षमायाचना केली. ३१ जानेवारी २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी किन्शासात उभे राहून, आफ्रिका ही ओरबाडण्याची खाण नव्हे, असे जगाला बजावले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ३० मार्चला, जुन्या आज्ञापत्रांवर उभारलेला ‘शोधाचा हक्क’ रोमने अधिकृतपणे नाकारला. खुद्द रोमने जे वकीलपत्र परत केले, ते आपण कवटाळून का बसावे?

आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना अफोन्सोचे पत्र सांगा, मेन्डोन्साचा प्रवास सांगा, इसिदोरचे स्कॅप्युलर सांगा. मग उद्या शाळेच्या अंगणात कोणी त्यांना ‘फिरंग्यांचे उष्टे’ म्हणाले, तर ती मुले खाली मान घालणार नाहीत आणि फिरंग्यांची तरफदारीही करणार नाहीत. प्रभू येशूला क्रूसावर खिळले ते एका साम्राज्याच्या सुभेदाराच्या हुकमाने, एवढे ती शांतपणे सांगतील.