नळाच्या पलीकडे

दर दिवाळीला या सदरात आपण रोजच्या पाहण्यातल्या एखाद्या गोष्टीवर गप्पा मारतो. यंदाची गोष्ट इतकी रोजची आहे की तिच्याकडे पाहायचं राहूनच जातं.

वादी कबीरमध्ये भाड्याने घर शोधणाऱ्या कुटुंबाचे प्रश्न ठरलेले असतात. शाळा किती लांब? लिफ्ट आहे का? एसी खिडकीचे की स्प्लिट? गाडी सावलीत लावता येईल का? पाणी किती वाजता येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. गावाकडे आपण हाच प्रश्न पहिला विचारला असता.

या नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून तुम्ही जे पाणी अंगावर घ्याल, ते थोड्याच दिवसांपूर्वी ओमानच्या समुद्रात असण्याची शक्यता मोठी आहे. मस्कतला वर्षभरात पाऊस पडतो साधारण १०० मिलिमीटर. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे इथला नऊ वर्षांचा पाऊस एका दिवसात! एवढ्याशा पावसावर राजधानीचं शहर जगणार कसं? म्हणून १९७६ साली घुब्रा इथे समुद्राचं पाणी गोड करणारा ओमानमधला पहिला प्रकल्प सुरू झाला. पुढे बरका, कुरियात इथेही असे प्रकल्प उभे राहिले.

पूर्वी पाणी तापवून, त्याची वाफ करून ती पुन्हा थंड केली जाई. आता बहुतेक नव्या प्रकल्पांत अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यांतून पाणी प्रचंड दाबाने ढकलतात. एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ मागे ठेवायचं असतं. त्यासाठी हजार लिटरला तीन-चार युनिट वीज लागते. मग ते पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून किंवा निळ्या टँकरमधून आपल्या इमारतीच्या खालच्या टाकीत येतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून आपल्या नळाला. शेवटच्या टप्प्याची ओळख तुम्हाला जूनमध्ये पटते. गच्चीवरची टाकी इतकी तापते की गार पाण्याच्या नळाला चटका बसणारं पाणी येतं. मग आपण गीझर बंद ठेवतो आणि त्यात साठून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. ही युक्ती नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला शेजारी शिकवतातच.

एवढी लांब साखळी म्हटली की तिची एखादी कडी कधीतरी निखळणारच. जुने रहिवासी जून २००७ विसरलेले नाहीत. गोनू चक्रीवादळ ५ आणि ६ जूनला ओमानच्या किनाऱ्यावर आलं. घुब्रा आणि बरका दोन्ही प्रकल्प बंद पडले आणि मस्कतचे नळ कित्येक दिवस कोरडे राहिले. चकचकीत घरांतली माणसं बादल्या घेऊन टँकरपुढे उभी होती. पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, या भागातल्या समुद्रात सूक्ष्म शेवाळाची लाल लाट आली. ती काही महिने टिकली आणि तिच्यामुळे किनाऱ्यावरचे काही प्रकल्प बंद ठेवावे लागले. समोर अथांग समुद्र असूनही घोटभर पाणी नाही, अशी वेळ येऊ शकते.

ओमानी माणसाला हे नवं नाही. नळ येण्याच्या शेकडो वर्षं आधीपासून इथली गावं 'फलज'वर जगत आली. डोंगराच्या पोटातलं पाणी नुसत्या उताराने गावात आणणारे हे कालवे. आजही तीन हजारांहून अधिक फलज वाहते आहेत आणि त्यांतले पाच २००६ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. निझवाजवळचा फलज दारिस सहलीत तुम्ही पाहिला असेल. पुढच्या वेळी त्याची शिस्तही पाहा. पाणी आधी पिण्याला, मग अंघोळीला, मग खजुराच्या बागांना. शेतीचा हिस्सा वेळेत मोजायचा, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. देखरेखीला गावाने नेमलेला वकील.

हे ऐकून धुळे-नाशिककडच्या मंडळींना फड पद्धत आठवेल. पांझरा, मोसम या नद्यांवर छोटे बंधारे घालून पाटाने पाणी न्यायचं, फडाफडाने पाळी लावायची आणि पाटकऱ्याने ती सांभाळायची. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या माणसांना एकच गोष्ट उमगली होती: पाणी माझं नसतं, माझी फक्त पाळी असते.

नळाने नेमकी ही जाणीव पुसली. इथे जन्मलेल्या मुलामुलींनो, हे विशेषकरून तुमच्यासाठी. सुट्टीत आजीकडे गेल्यावर पहाटे पिंप, कळशा, पातेली भरण्याची लगबग पाहून तुम्हाला गंमत वाटते. आजी मागासलेली नाही. पाणी कुठून येतं, किती वेळ येतं आणि नाही आलं तर काय करायचं, हे तिला ठाऊक आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत होतं सुमारे पाच लाख लिटर. ज्यांनी ते दिवस काढले, ते भाजी धुतलेलं पाणी तुळशीला घालतात. त्यात कंजूषपणा कसला?

सोय म्हणजे पैसे भरले की संपणारा व्यवहार नव्हे. आपल्या नळामागे एक अख्खं शहर राबतं आणि त्यात आपलाही वाटा असायला हवा. म्हणून या दिवाळीच्या साफसफाईत एक काम वाढवू या. आपल्या इमारतीची टाकी किती लिटरची आहे आणि शेवटची कधी धुतली, हे वॉचमनला विचारा. पाणी बंद झालं तर ती किती दिवस पुरेल, याचा हिशोब मुलांना करायला द्या. घरात माणशी दोन-तीन दिवसांचं पिण्याचं पाणी झाकून ठेवा आणि ते अधूनमधून बदला. गळका नळ आठवडाभर तसाच ठेवू नका. शेजारच्या घरात तान्हं बाळ किंवा वयस्कर माणसं असतील तर त्यांच्या साठ्याचीही चौकशी करा.

आणि गाड्या धुणारा, जिने पुसणारा माणूस दुपारी पाण्याची बाटली भरायला दारात आला, तर ती गार पाण्याने भरून द्या. फलजच्या नियमात पिण्याच्या पाण्याचा मान सगळ्यात पहिला आहे.