५४ टक्क्यांत आंतरराष्ट्रीय संबंध शिकता येतात का?

येतात. फक्त कुठे, हे निकाल लागल्यावर नाही, तर शेवटच्या वर्षाच्या दिवाळीतच ठरवायला हवं.

पालकहो, आपल्या धुळ्यात बी.ए.च्या मुलाला या विषयाची ओढ असली आणि टक्के बेताचे असले, की घरात दोनच मतं निघतात. एक, "एवढ्या मार्कांत कोण घेणार? बी.एड. कर." दुसरं, "एजंट म्हणतोय इंग्लंडमध्ये होऊन जाईल, शेत गहाण टाकू." मला दोन्ही पटत नाहीत.

दिल्लीच्या जेएनयूतली 'स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' १९५५ सालची, या विषयातली देशातली जुनी संस्था. तिथे एम.ए.ची निवड सीयूईटी-पीजी या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर होते. पदवीच्या किमान टक्क्यांची अट पार केली, की ५४वाला आणि ७४वाला एकाच रांगेत. पाँडिचेरी विद्यापीठातही याच परीक्षेवरून 'राजकारण व आंतरराष्ट्रीय संबंध' यात एम.ए. करता येतं. केंद्रीय विद्यापीठांची फी आपल्याला झेपण्यासारखी असते.

मग आपली मुलं मागे कुठे पडतात? तारखेत. अर्ज हिवाळ्यात भरतात, परीक्षा मार्चच्या आसपास. शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी अर्ज करू शकतो, हेच अनेकांना जूनमध्ये कळतं! दुसरी अडचण भाषेची. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत, मराठीत नाही. 'सत्तासंतुलन' यावर दोन पानं लिहिणारं पोरगं 'बॅलन्स ऑफ पॉवर' दिसलं की थबकतं. शिक्षकमित्रांनो, हे काम आपलं आहे. प्रथम वर्षापासून दोन्ही शब्द फळ्यावर लिहायला काय हरकत आहे?

आता परदेश. एजंटला पुष्कळदा विद्यापीठाकडूनच कमिशन मिळतं, तेव्हा त्याचा सल्ला तेवढ्याच वजनाने घ्या. इंग्लंडचं एम.ए. एका वर्षाचं, पण फी आणि राहणं धरून खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात सहज जातो. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चार वर्षांची पदवी मागतात, आपली तीनचीच असेल तर अडतं. जर्मनीच्या सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी बहुतेक नसते, पण एपीएस प्रमाणपत्र लागतं आणि गुण त्यांच्या मापात बदलून बघतात. तिथे ५४ टक्के खरंच नडतात. जे कर्ज तिकडच्याच पगारातून फिटेल, ते काढू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि ज्याला राजदूतच व्हायचंय, त्याला या एम.ए.ची सक्ती मुळात नाहीच. परराष्ट्र सेवेत जायला यूपीएससीला कोणत्याही शाखेची पदवी चालते, टक्क्यांची अट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुल लाट गावचे ज्ञानेश्वर मुळे याच वाटेने गेले. (ते हुशार विद्यार्थी होते, हेही सांगायला हवं.)

सीयूईटीच्या माहितीपत्रकात कोणत्या एम.ए.ला कोणता पेपर, ते दिलेलं असतं. तेवढं पान छापून तृतीय वर्षाच्या वर्गात लावा, दिवाळीच्या सुट्टीआधी.