नकली शार्क आणि खरी घोणस

आमच्या सांगोल्याचा समुद्राशी संबंध मिठाच्या पुडीपुरता. तालुक्यातून माण नदी वाहते, म्हणजे पाऊस झाला तर वाहते. दुसऱ्या एका नदीचे तर नावच कोरडा! अशा या गावात सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर हिंदी बोलणारे गोरे लोक शार्कच्या तोंडी जात असतात आणि आजीपासून नातवापर्यंत सारे घर डाळिंबाचे दाणे तोंडात टाकीत ते पाहत असते.

हे चित्रपट थिएटरसाठी नव्हे, टीव्हीसाठीच काढलेले असतात. अमेरिकेतील ‘द असायलम’ ही कंपनी या कामात वाकबगार. तिच्या २००९ च्या ‘मेगा शार्क व्हर्सेस जायंट ऑक्टोपस’मध्ये शार्क समुद्रातून उसळून उडते विमान पकडतो. ११ जुलै २०१३ रोजी तिकडच्या सायफाय वाहिनीवर ‘शार्कनेडो’ आला. त्यात वादळ समुद्रातले शार्क उचलून लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर फेकते आणि नायक यांत्रिक करवतीने त्यांचा समाचार घेतो. २०१८ पर्यंत या मालिकेचे सहा भाग निघाले. पैसा बेताचा, त्यामुळे शार्क संगणकावर केलेला आणि तोही जरासाच दिसणारा. बाकी वेळ माणसे बोलत असतात. जाहिराती लागण्याआधी मात्र कुणावर तरी बेतणार, हे ठरलेले.

‘मुलांना कसला हा कचरा दाखवता?’ असे सुजाण मंडळी विचारतात. माझे मत उलटे आहे. वाईट शार्कपट निरुपद्रवी असतो. चार वर्षांचे पोरही ‘हे खोटंय’ म्हणून हसते. धोका असलाच तर तो चांगल्या चित्रपटाचा, कारण तो खरा वाटतो.

१९७५ चा ‘जॉज’ आठवा. यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडू लागला, म्हणून स्पिलबर्गने तो फारसा दाखवलाच नाही. नुसते पाणी आणि संगीत यांवर त्याने जगाला घाबरवले. लोक समुद्रात उतरायला कचरू लागले, शार्क मारण्याची हौस वाढली. मूळ कादंबरीचा लेखक पीटर बेंचली पुढे अनेक वर्षे ‘शार्क वाचवा’ असे सांगत राहिला. शार्क कधी चावतच नाही असे नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ, वैतरणेच्या खाडीत एका तरुणाच्या पायाचा त्याने चावा घेतला. पण त्या साऱ्या वर्षात शार्कने आपणहून केलेल्या हल्ल्यांची जगभरातील नोंद ४७ आणि त्यांतील मृत्यू चार. उलट माणूस दरवर्षी सुमारे दहा कोटी शार्क मारतो, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ मध्येच मांडला. कोकणात शार्कला मुशी म्हणतात आणि तिचे कालवण करतात. कोण कोणाला खातो, हे उघड आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. रात्रीच्या विजेवर डाळिंबाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याच्या पायाखाली शार्क येत नाही, घोणस येते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा अंदाज २०२० साली एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. आणि सापाविषयी आपण कुठे शिकलो? १९७६ च्या ‘नागिन’मध्ये आणि १९८६ च्या ‘नगीना’मध्ये. देखण्या नायिका, गोड गाणी. त्यामुळे साप डूख धरतो आणि पुंगीच्या सुरावर डोलतो, हेही गळी उतरले. खरे तर तो डोलतो पुंगीच्या हालचालीवर, आणि सूड लक्षात ठेवण्याइतकी त्याची बुद्धीच नाही. पण आपल्या मनात साप म्हणजे दैवी प्रकरण, आणि दैवी प्रकरणाला देवऋषीच हवा!

आमच्या पलीकडच्या वस्तीवर एका तरुणाला घोणस चावली, तेव्हा पहिले दोन तास लिंबाचा पाला कडू लागतो की नाही, हे पाहण्यात गेले. पोरगा वाचला, पण त्या दोन तासांची किंमत म्हणून पुढे त्याला कितीतरी दिवस दवाखान्यात काढावे लागले. शार्कपट पाहून असे कुणाचे दोन तास गेलेले मला ठाऊक नाहीत. गेले असतील तर फक्त पाहण्यात.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की शार्कपट बंद करू नका. खुशाल पाहा, पोट धरून हसा. आणि जाहिराती लागल्या की मुलांना विचारा: साप चावला तर काय करायचे? उत्तर पाठ असू द्या. जखम कापायची नाही, दोरी आवळायची नाही, हातपाय हलवायचा नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठायचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर तिथे एकच लस चालते. आणि रात्री बागेत निघणाऱ्यासाठी दारामागे गमबूट व बॅटरी हवी.

भीती वाटण्यात कमीपणा नाही. फक्त ती जिथे उपयोगी पडेल तिथे वाटली पाहिजे.