सरपंच आले!

'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम 26 जुलै 2025 ला झी मराठीवर परतला आणि नागपूर जिल्ह्यातल्या कुहीत ऐन रोवणीत, बांध्याबांध्यांवर तीच चर्चा. जुने सूत्रसंचालक निलेश साबळे नव्हते, विनोदवीर भाऊ कदम नव्हते, याची हळहळ होतीच. पण अभिनेते भारत गणेशपुरे दिसले की इथल्यांचा जीव भांड्यात पडायचा. "आपला मानूस हाय नं बे!" पऱ्ह्याच्या पेंढ्या चिखलात फेकता फेकता एकानं ठणकावलं. गणेशपुऱ्यांची बोली अमरावतीकडची वऱ्हाडी, कुहीची झाडीकडे झुकलेली. तरी कार्यक्रमातल्या थुकरटवाडी गावच्या या सरपंचानं साऱ्या विदर्भाला टीव्हीवर घरचा आवाज दिला. एरवी मालिकावाले आमची बोली गड्याच्या नाहीतर गुंडाच्या तोंडी घालतात. तेव्हा 2025 च्या 'कॉमेडीचं गँगवॉर' या पर्वासारखं गणेशपुऱ्यांना नुसतं एका गँगचं टोळीप्रमुख करून भागणार नाही. त्यांना अख्खं वऱ्हाडी स्किट द्या, आणि लिहिणाराही वऱ्हाडातलाच घ्या.