बंद पडलेल्या संगणकाची किल्ली कोणाकडे?

कोलकाता : देशातील अन्य विमानतळांप्रमाणेच दमदम येथील नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळालाही १९ जुलै २०२४ रोजी संगणकीय बिघाडाचा फटका बसला. विमान कंपन्यांच्या चेक-इन प्रणाली ठप्प झाल्या. देशभरात एकट्या इंडिगोने त्या दिवशी सुमारे २०० उड्डाणे रद्द केली. अनेक ठिकाणी बोर्डिंग पास हाताने लिहून देण्यात आले. जगभरातील कार्यालयांत त्या वेळी संगणकांचे पडदे निळे पडले होते.

हा सायबर हल्ला नव्हता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल ग्राहकांच्या संगणकांकडे पाठवली होती. तिच्या रचनेत २१ नोंदी अपेक्षित होत्या. ती वाचणारा कार्यक्रम २० नोंदीच पुरवत होता. एखाद्या साध्या कार्यक्रमात अशी चूक झाली असती, तर तेवढाच बंद पडला असता. परंतु सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये चालते. तेथे चूक झाली की माहितीची आणखी हानी टाळण्यासाठी विंडोज स्वतःलाच थांबवते. निळा पडदा तो हाच.

सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक कोसळले होते. बंद पडलेल्या संगणकापर्यंत दुरुस्ती इंटरनेटवरून सहजी पोहोचेना. प्रत्येक यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये सुरू करायचे, एक फाइल पुसायची, असे हे काम होते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ज्या संस्थांनी या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरवरच ठेवल्या होत्या, त्यांची अवस्था सांगायला नको.

घरातील लॅपटॉप अधूनमधून निळा पडदा दाखवत असेल, तर कारण बहुधा इतके दूरचे नसते. शोधाची रीत मात्र तीच : बिघाड सुरू होण्यापूर्वी काय बदलले? पडद्यावरील स्टॉप कोड टिपून ठेवावा. प्रत्येक वेळी तोच कोड आणि त्याच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर तो ड्रायव्हर मागील आवृत्तीवर नेऊन पाहावा. दर वेळी कोड निराळा असेल, तर संशय रॅमवर किंवा अतिउष्णतेवर घ्यावा. विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवावे, पंख्यातील धूळ काढावी. कोलकात्याच्या चांदनी चौकातील कारागिराकडे लॅपटॉप नेण्यापूर्वी एवढे घरीच होऊ शकते. सरसकट फॉरमॅट करणे हा उपाय सोपा वाटतो. पण दोष रॅममध्ये असेल, तर माहिती जाते आणि बिघाड राहतो.

दरम्यान, मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये निळ्याऐवजी काळा पडदा आणला. रंगबदलाची चर्चा झाली, तितकी त्यासोबत आलेल्या ‘क्विक मशीन रिकव्हरी’ची झाली नाही. सुरू न होणारा संगणक दूरस्थपणे दुरुस्त करण्याची ही सोय २०२४ च्या प्रसंगाचेच फलित आहे आणि तीच अधिक महत्त्वाची. मात्र तिला इंटरनेट जोडणी लागते. शिवाय विंडोज ११ च्या नव्या संगणकांवर डिस्क अनेकदा आपोआप कूटबद्ध होते, हे वापरणाऱ्याला ठाऊकही नसते. त्याची किल्ली मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. त्या खात्याचा पासवर्ड विसरला असेल, तर लॅपटॉप चालू असतानाच ते ४८ अंक कागदावर उतरवून ठेवावे लागतील.