हात वाढवण्याआधी
(द्वितीय वर्ष बी. ए.)

कला शाखेच्या वार्षिकांकात कॉम्प्युटर-प्रोग्राम 'बांधण्याची' गोष्ट पाहून काहींच्या भुवया उंचावतील. कविता, प्रवासवर्णने आणि स्नेहसंमेलनाचे अहवाल यांच्या शेजारी ही पाहुणी कुठून आली, असे कुणी विचारलेच तर सांगते: मला या वाटेला लावले ते मराठीनेच. आपल्या ग्रंथालयात जुने वार्षिकांक पडून आहेत. कागद पिवळा पडला, कडा झडू लागल्या. त्यांच्या पानांची छायाचित्रे घेऊन मजकूर शोधता येईल असा उतरवून घ्यावा, अशी आम्हा काही विद्यार्थ्यांची खटपट चालू आहे. त्यासाठी टेसरॅक्ट नावाचा प्रोग्राम उपयोगी पडतो. तो १९८५ ते १९९४ या काळात ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळांत घडला, २००५ साली सर्वांना खुला झाला, आणि आज त्याला मराठीही वाचता येते. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्याची जी आवृत्ती तयार मिळत होती ती जुनी; नवी हवी तर मूळ लिखाणापासून स्वतः बांधून घेणे भाग होते.

बांधणे म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. माणसाने लिहिलेला मोठा प्रोग्राम शेकडो फाइलींत विभागलेला असतो. कंपायलर एकेक फाइल घेऊन यंत्राला कळेल असे तिचे रूपांतर करतो आणि शेवटी लिंकर हे सारे तुकडे जोडून एक चालता प्रोग्राम तयार करतो. फाइली एकामागून एक घेतल्या तर फार मोठ्या प्रोग्रामला तासन् तास लागतात. परंतु आजच्या साध्या यंत्रातही प्रोसेसरचे चार कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी राबणारे चार हात. मग चार फाइली एकदम का घेऊ नयेत? 'मेक' या प्रोग्रामला 'जे' हे अक्षर आणि त्यापुढे चारचा आकडा दिला की तो नेमके तेच करतो. याला समांतर बांधणी म्हणावे.

इथपर्यंत सारे सोपे. म्हणूनच पुष्कळांची अशी समजूत होते की वेग हा हातांच्या संख्येचा, म्हणजे अखेर पैशांचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे सोळा कोअरचे यंत्र त्याचे काम लवकर. आमच्यासारख्यांनी वाट पाहावी. मला हे मत मान्य नाही.

माझे वडील इचलकरंजीला यंत्रमागावर आहेत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. समांतर बांधणी काय असते ते मी त्यांना सांगू लागले, तेव्हा मध्येच थांबवून ते म्हणाले, "अगं, बीम आल्याशिवाय माग काय हवेवर चालवायचा?" सायझिंग झाल्याशिवाय बीम नाही आणि वहिफणी झाल्याशिवाय ते मागावर चढत नाही. कारखान्यात माग चोवीस असोत की अठ्ठेचाळीस, बीम आले नाही तर सगळे उभे. उलट कांड्या भरणारा आणि वहिफणीवाला एकमेकांसाठी थांबत नाहीत. त्यांची कामे खुशाल एकाच वेळी चालतात. कोण कोणासाठी थांबतो आणि कोण थांबत नाही, हे ज्याला ठाऊक त्यालाच हात वाढवून फायदा.

कॉम्प्युटरच्या जगात हे ठाऊक असणे म्हणजे लिहून ठेवणे. १९७६ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक लिहिला तो याच गरजेतून. त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक अख्खी सकाळ वाया गेली होती. चूक दुरुस्त केलेली, पण ती फाइल पुन्हा कंपाईल करायची राहून गेलेली, आणि ते बिचारे निर्दोष प्रोग्राममध्ये दोष शोधत बसलेले! मेकला आपण लिहून द्यायचे की अमुक वस्तू तमुक वस्तूंवर अवलंबून आहे. मग तो फाइलींच्या वेळा पाहतो आणि जे शिळे झाले तेवढेच नव्याने करतो. समांतर बांधणीही याच यादीवर चालते. यादीप्रमाणे ज्यांचा परस्परांशी संबंध नाही, ती कामे एकदम सुटतात.

आणि खरी मेख इथे आहे. यादी अपुरी असली तरी एका हाताने बांधताना ते उघडकीस येत नाही, कारण एक हात असला की मेक यादी डावीकडून उजवीकडे क्रमाने घेतो. समजा, एक छोटा प्रोग्राम प्रथम एक हेडर फाइल तयार करतो आणि दुसरी एखादी फाइल कंपाईल होताना ती हेडर वाचावी लागते. पण हे अवलंबन लिहायचे राहून गेले. पहिले काम यादीत आधी आहे म्हणून दर वेळी आधी होते, आणि सारे सुरळीत. वर्षानुवर्षे सुरळीत. मग कुणीतरी चार हात लावतो. दोन्ही कामे एकदम सुरू होतात, वाचणारा आधी पोचतो, आणि 'फाइल सापडत नाही' म्हणून बांधणी कोसळते. तीच आज्ञा पुन्हा द्यावी तर एव्हाना हेडर तयार झालेली असते, त्यामुळे काम बिनबोभाट पार पडते! साहजिकच लोक दुर्लक्ष करतात. याहून वाईट प्रकार म्हणजे मागच्या बांधणीतली शिळी हेडर जागेवर पडून असणे. मग तक्रारसुद्धा होत नाही. जुन्या मापाने बेतलेला तुकडा नव्या प्रोग्राममध्ये मुकाट्याने शिवला जातो.

अशा वेळी रूढ उपाय कोणता? 'हे एकाच हाताने बांधावे' अशी ओळ घालून मोकळे होणे. लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांत अशा ओळी सापडतात. मला हा उपाय भिंतीचा तडा कॅलेंडर टांगून झाकण्यासारखा वाटतो. मोठ्या यंत्राच्या मालकाला थोडी मिनिटे जास्त लागतील, तो चहा पिऊन येईल. ज्याचे यंत्र मुळातच मंद, त्याचे चारांतले तीन हात मात्र तासभर रिकामे बसतात आणि भुर्दंड त्यालाच पडतो.

यावर कुणी म्हणेल, हे प्रोग्राम सांभाळणारे पुष्कळ जण विनावेतन काम करतात, यादी सुधारायला त्यांना सवड कुठली? आक्षेप रास्त आहे, आणि त्यांच्यावर आळसाचा ठपका ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु निदान दोष शोधणे तरी आता पूर्वीइतके अवघड उरलेले नाही. ग्नू मेकच्या ४.४ या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, 'शफल' नावाचा पर्याय आला. पत्ते पिसावेत तसा तो कामांचा क्रम मुद्दाम बदलतो. ज्या बांधणीचे अवलंबन खरेखुरे लिहिलेले आहे तिला काही फरक पडत नाही. जी केवळ क्रमाच्या कृपेवर चालत होती ती एका हातानेही कोसळते. यासाठी मोठे यंत्र नको, पैसे नकोत. मंद लॅपटॉपवाला विद्यार्थीही दोष हुडकून कळवू शकतो. मला तर वाटते, त्यानेच हुडकावा. त्याची गरज मोठी आहे.

अर्थात सारे अवलंबन बिनचूक लिहिले तरी हातांना मर्यादा राहतेच. जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या विचारावरून हिशेब असा निघतो: कामाचा दहावा हिस्सा एकामागून एकच करावा लागत असेल तर चार हातांनी वेग तिपटीहून किंचित अधिक, सोळांनी साडेसहापटीच्या आत, आणि हजार लावले तरी पूर्ण दसपट कधीच नाही. टेसरॅक्टचेच पाहा. चित्रे हाताळणारी लेप्टोनिका ही लायब्ररी आधी बसवावी लागते. मग 'कॉन्फिगर' हा प्रोग्राम यंत्रात काय आहे आणि काय नाही याची एकेक चौकशी करतो, तीही रेशनच्या दुकानासारखी एका रांगेत. फाइलींची पाळी आली की मात्र चारही हात राबू लागतात, पंखा घरघरतो. आणि अखेरीस लिंकरपाशी पुन्हा सगळी गर्दी एका दारातून. लिंकिंगही समांतर करणारा 'मोल्ड' हा लिंकर रुई उएयामा यांनी २०२१ साली लोकांपुढे ठेवला, तेव्हा ते दारही आता थोडे रुंद झाले आहे.

मेमरीचा हिशेब वेगळाच. प्रत्येक हात आपल्या वाट्याची मेमरी मागतो. 'जे'पुढे आकडाच दिला नाही तर मेक संख्येची काही मर्यादाच पाळत नाही, आणि चार जीबीचे यंत्र मेमरीतला माल डिस्कवर ढकलता ढकलता मेटाकुटीला येते. मोठ्या सी प्लस प्लस फाइलींना मी दोनच हात लावते.

आता एक गोष्ट प्राध्यापक मंडळींच्या कानावर घालायची आहे. आपल्या संगणककक्षातली यंत्रे संध्याकाळी झाकलेली असतात. 'डिस्टसीसी' नावाचा खुला प्रोग्राम नेटवर्कमधल्या इतर यंत्रांकडे फाइली कंपाईल करायला पाठवतो आणि तयार तुकडे परत आणतो. सर्वांवर सारखाच कंपायलर असावा, एवढीच अट. जुन्या अंकांचे वाचन तर याहून सोपे, कारण एक पान दुसऱ्या पानासाठी थांबत नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी कक्ष उघडा मिळावा, असा अर्ज आम्ही केला आहे. ग्रंथपालांची शिफारस त्यावर झाली आहे. प्राचार्यांची सही तेवढी व्हायची आहे.