तेरचा वारसा कोणाचा?

धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजेच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरील मोठे नगर म्हणून त्याचा उल्लेख आहे. येथील कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. ते सूत कोणी कातले, त्या गाड्या कोणी हाकल्या, हे मात्र ग्रंथात नाही.

त्या अनामिक श्रमिकांची साक्ष रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या पुरावस्तूंतून उभ्या राहिलेल्या तेरच्या संग्रहालयात मिळते. तेथील मातीच्या मूर्ती आणि मणी कारागिरांनी घडवले. गोरोबा कुंभारांच्या गावात मातीनेच इतिहास सांगावा, हे उचितच होय.

१९८८ मध्ये दूरदर्शनने ‘भारत एक खोज’ घरोघर पोचवून मोठेच लोकशिक्षण केले. परंतु पडद्यावर दुसऱ्याने निवडलेलेच पाहावे लागते. वस्तूसमोर उभे राहिलेले मूल स्वतः प्रश्न विचारते.

ही संधी सर्वांना समान आहे काय? शाळांच्या सहली बहुधा दिवाळीनंतर निघतात आणि नेमक्या त्याच वेळी ऊसतोड मजुरांची मुले आईबापांबरोबर फडावर असतात. ज्यांच्या पूर्वजांच्या श्रमांवर तगर उभे राहिले, त्यांच्याच वारसांना त्याचे दार बंद! यासाठी नव्या योजनेची गरज नाही. सहल दसऱ्यापूर्वी काढावी आणि तिचा खर्च या मुलांवर पडू नये. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी शाळांकडे एवढा आग्रह तरी धरलाच पाहिजे.